विचारायचा ढीग

पेटी उघडण्याआधी आक्का झाकणावर बोटांनी दोनदा ठोकत. कुणाच्या दारावर ठोकावं तसं. मग गेलेल्या माणसाला विचारत, "उघडू का?" आणि जरा थांबत. आतून उत्तर येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय त्यांनी कुणाची पेटी उघडलेली मी पाहिली नाही.

गावात सगळे त्यांना आक्का म्हणत. मी लग्न होऊन घाटनांदूरला आले आणि शाळेत शिक्षिका म्हणून लागले, त्यानंतर काही वर्षांनी त्या आमच्याच शाळेत खिचडी शिजवायला आल्या. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी नवऱ्याबरोबर ऊस तोडला होता. पाठीनं साथ सोडल्यावर कोयता ठेवला आणि पळी धरली. नवरा गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन लातूरला गेली. आक्का आमच्या घरापासून तिसऱ्या दारात एकट्या राहायच्या.

तुमच्याही गावात अशी माणसं असतील. कुणी लग्नात पंगत सांभाळतं, कुणी बाळंतिणीला न्हाऊ घालतं. आक्का मेलेल्या माणसाच्या वस्तू लावून द्यायच्या. चौदावा झाला, पाहुणे पांगले, की घरात एक पेटी नाहीतर एखादं कपाट उरतं. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. किंवा सगळ्यांचीच होते आणि मग भांडणं लागतात. अशा वेळी कुणीतरी म्हणायचं, आक्काला बोलवा.

आक्का यायच्या, आधी चहा मागायच्या, पदर खोचून पेटीसमोर मांडी घालायच्या. घरातल्या सगळ्यांना भोवती बसवायच्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावायच्या. "घरातलं मानूस गेलंय," त्या म्हणायच्या, "तुमाला फोनवर कोन हाय?" मग एकेक वस्तू निघायची. साडी असली तर आक्का आधी तिचा वास घ्यायच्या आणि सांगायच्या, ही दोन वर्षांत नेसलेली नाही. डांबरगोळ्यांचा त्यांना फार राग. माणसाचा वास मारून टाकतात म्हणायच्या.

त्या तीन ढीग करायच्या. डाव्या हाताला ठेवायचं, उजव्या हाताला द्यायचं आणि समोर विचारायचं. पहिले दोन ढीग कुणालाही जमतील. तिसरा खास आक्कांचा. ज्या वस्तूचा अर्थ घरात कुणालाच लागत नाही, पण जी जपून ठेवलेली दिसते, ती या ढिगात जायची. "हिचं कुनीतरी जित्तं मानूस आसंल," आक्का म्हणायच्या. "त्याला इचारायचं. मंगच फेकायचं."

आमच्या समोरचे रेल्वेतले काका गेले तेव्हा त्यांच्या पेटीत एक चष्मा निघाला. एकाच काचेचा. काकांना चष्मा कधी नव्हताच. मुलगे म्हणाले, टाकून द्या. आक्कांनी तो समोर ठेवला आणि पुढचे चार दिवस गावभर विचारत फिरल्या. शेवटी काकांची दाढी करणाऱ्या म्हाताऱ्या न्हाव्यानं ओळखला. काका आणि त्यांचा एक दोस्त रोज स्टेशनच्या बाकावर पेपर वाचायचे. चष्मा त्या दोस्ताचा. तो आता परळीला मुलाकडे होता. आक्कांनी चष्मा परळीला धाडला. दोन दिवसांनी त्या म्हाताऱ्याचा काकांच्या मुलांना फोन आला. तो तासभर त्यांच्या वडिलांविषयी बोलत होता. थोरला मुलगा मला नंतर म्हणाला, "बाई, आमचे वडील नकला करायचे, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

एकदा आक्कांना एका पुढाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. मोठा माणूस, गेली कित्येक वर्षं तालुक्यातला एकही कार्यक्रम त्यांच्याशिवाय झाला नव्हता. त्यांचं लाकडी कपाट उघडलं तर आत नुसत्या सत्काराच्या शाली. घडीच्या घडी, जरीच्या काठांच्या, निम्म्या तर प्लास्टिकच्या पिशवीतूनही न काढलेल्या. सुना ओशाळल्यासारख्या झाल्या. आक्कांनी कपाटावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एवढं पांघरून ऱ्हायलं आन मालक गेले. आता थंडी कुनाला वाजती ते बघू."

दिवाळी नुकतीच झाली होती. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या बेतात होत्या. आक्कांनी सुनांना विचारून सगळ्या शाली उजव्या ढिगात टाकल्या. दोन दिवसांनी सकाळी आमच्या शाळेवरून ट्रॅक्टर गेले, आणि आम्ही सगळ्या शिक्षिका व्हरांड्यात येऊन बघत राहिलो. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या, आणि त्यात दाटीवाटीनं बसलेली माणसं. प्रत्येकाच्या अंगावर जरीकाठी शाल. एका म्हातारीनं तर दोन घेतल्या होत्या. आक्का खिचडीचं पातेलं तसंच सोडून फाटकाशी आल्या. "बघा बाई," मला म्हणाल्या, "आख्ख्या टोळीचा सत्कार झाला."

आक्कांना वाचता येत नव्हतं. पेट्यांत कागद निघतातच. शाळेतली बाई म्हणून त्या मला बोलवू लागल्या. "बाई, तुमी नुसतं बसा. कागद निघाला तर वाचा." असं करता करता मी आक्कांची जोडीदार झाले. आधी संकोच वाटायचा, नंतर मीच वाट बघू लागले.

मग माझ्या घरची वेळ आली. सासूबाई गेल्या. त्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. भांडण असं नव्हतं, पण वीस-बावीस वर्षांत त्यांनी माझं एक काम चांगलं म्हटलं नाही. मी नोकरी करते हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. त्या गेल्यावर मी त्यांच्या पेटीला हात लावायचं टाळत राहिले. दोन महिन्यांनी आक्का न बोलावता आल्या. "चला," म्हणाल्या. "तुमची पेटी ऱ्हायली."

खरं सांगते, माझ्या मनात एक आशा होती. तुम्ही असे प्रसंग ऐकले असतील. आयुष्यभर कडक वागलेलं माणूस जातं आणि पेटीत सुनेसाठी ठेवलेली एखादी नथ निघते, नाहीतर तिचा एखादा फोटो. आक्का एकेक वस्तू काढत गेल्या. दिरांच्या लहानपणीची टोपडी निघाली. नणंदेची शाळेतली पाटी, माझ्या नवऱ्याचं प्रगतिपुस्तक, जावेनं विणलेला रुमाल निघाला. पेटीचा तळ आला. तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागदही आक्कांनी उचलून पाहिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "न्हाई बाई. तुमचं हितं काय बी न्हाई."

मी तरीही पेटीत वाकून पाहिलं.

"मी खोटं सांगू शकले आसते. ह्यातलाच येखादा रुमाल तुमच्या हातात दिला आसता आन म्हनले आसते, तुमच्यासाठी ठिवलाय. पन न्हाई. त्यान्ला तुमी आवडत न्हवता. आता हे कळलं. आता तुमी मोकळ्या."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट, वीस वर्षं डोक्यावर घेतलेला हंडा कुणी उतरवून ठेवावा तसं झालं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

हे काम का करता, हे मी त्यांना एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माय गेली तवा मी कारखान्यावर गेलते. निरोप उशिरा आला. आठ दिसानं पोचले तर भावजयनं सगळं वाटून टाकलेलं. मला काय पायजे न्हवतं, बाई. नुसतं एकदा बगायचं व्हतं." आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागल्या.

मग दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा निवृत्त झाले होते. आक्का साठीच्या आसपास, पण उसानं माणूस लवकर पिकतं, सत्तरीच्या दिसायच्या. मुलगी लातूरला चल म्हणून मागे लागली होती आणि आक्का तयार झाल्या होत्या. एका सकाळी त्या माझ्या ओट्यावर आल्या. "माझी संदूक लावायचीय," म्हणाल्या. "मी मेल्यावर दुसऱ्या कुनी लावलेली मला चालनार न्हाई."

आम्ही दोघीच बसलो. आक्कांच्या पेटीत फार काही नव्हतं. नवऱ्याचा एक सदरा, मुलीची बाळलेणी, मूठ गुळगुळीत झालेला कोयता. कोयत्याला धार अजून होती. प्रत्येक वस्तूवर आक्का काहीतरी बोलत होत्या. नवऱ्याविषयी, थंडीत पहाटे उसाच्या फडात बसणाऱ्या गारठ्याविषयी, पाचटाच्या खोपीत मुलीला निजवून कामावर जाण्याविषयी. तक्रार नव्हती. कुणी आपल्या नोकरीविषयी बोलावं तसं त्या बोलत होत्या.

अगदी खाली एका कापडात गुंडाळलेली दवाखान्याची फाइल होती.

"ही वाचा," त्या म्हणाल्या. "लई दिवसांची इच्छा हाय. ह्यानंच मी वाचले."

त्यांनी मला सगळं सांगितलं. चोवीस वर्षांच्या असताना पोटात दुखायचं. कामाचे खाडे नकोत म्हणून टोळीच्या मुकादमानं एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, गर्भपिशवीत गाठ आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. "मी म्हनलं, मला अजून येक लेकरू पायजे. तर तो म्हनला, आहे त्या पोरीला आई पायजे का तुला पिशवी पायजे? मी म्हनलं, आई." पिशवी काढली. तेव्हापासून आक्का स्वतःला वाचलेली बाई समजत होत्या. फाइल म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्या जन्माचा दाखला होता.

औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, घरी सोडतानाचं कार्ड होतं. आणि प्रयोगशाळेचा एक इंग्रजी कागद, ऑपरेशननंतर आठ दिवसांनी आलेला. मी तो वाचला. पुन्हा वाचला.

"कावून गप बसलात?"

"इंग्रजीत आहे, आक्का. नीट कळत नाही."

"बाई," आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमी खोटं बोलताना चष्मा पुसता. तुमच्या सासूच्या संदुकीपुढं मी तुमाला खोटं सांगितलं का?"

अंबाजोगाईला माझी एक जुनी विद्यार्थिनी डॉक्टर आहे. मी कागदाचा फोटो काढून तिला पाठवला आणि फोन लावला. आक्का म्हणाल्या, "मोठा आवाज ठिवा. मला बी ऐकू द्या." मी स्पीकर चालू केला.

"बाई, कुणाचा आहे हा रिपोर्ट?" ती म्हणाली. "यात गाठ नाही. कॅन्सरची काहीच खूण नाही. पिशवी निरोगी होती असंच लिहिलंय. आणि वय चोवीस? कशासाठी काढली?"

मी काही बोलायच्या आत आक्का फोनवर वाकल्या. "म्हंजे चांगली व्हती?"

पलीकडून ती पोरगी हळूच म्हणाली, "हो, आजी. चांगली होती."

आक्कांनी कागद हातात घेतला आणि जुन्या घड्यांवरच पुन्हा घडी घातली. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला.

मग म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. मी टोळीतल्या पाच जनींला नेलतं तिथं. पोट दुखतंय म्हनल्या की मी म्हनायची, चला, मी वाचले, तुमी बी वाचा. हात धरून नेलतं, बाई."

त्यांनी फाइल उचलली आणि समोर ठेवली. विचारायच्या ढिगात.

"यात काय विचारणार, आक्का?" मी म्हटलं.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "आन मंग इचारीन, राग आला का."

लातूरला जाणं त्यांनी पुढे ढकललं. त्या पाच जणींपैकी दोघी वारल्या होत्या. एक पुण्याकडे कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चौथी जवळच्याच वाडीवर सापडली. तिनं सगळं ऐकलं, आक्कांच्या गळ्यात पडून रडली आणि आम्हा दोघींना पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

पाचवी धारूरला होती. किल्ल्याच्या बाजूला उतारावर घर. आम्ही एसटीनं गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं आक्कांना लगेच ओळखलं आणि हसली. आक्कांनी न बसताच सगळं सांगितलं. ती पाखडायची थांबली.

"तुला आज सुचलं व्हय हे सांगायचं?"

"मलाच आत्ता कळलं."

"मंग तुझ्यापाशीच ठिवायचं व्हतं. मी आता काय करू ह्याचं?"

आक्का म्हणाल्या, "तुझ्या घरात सून हाय. तिला कुनी पिशवी काढ म्हनलं तर आदी कागद वाचून घ्या. घाटनांदूरला ह्या बाई हायेत. त्या वाचतेत."

"झालं सांगून? मंग जा," ती म्हणाली आणि सूप उचलून घरात गेली. दार लावल्याचा आवाज आला.

उतरताना मला वाटलं, आक्का खचल्या असतील. पण त्या माझ्यापुढे चालत होत्या. स्टँडवर बसल्यावर म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. तिनं मला हार घालायला पायजे व्हता का? मी माझ्या पायानं तिला नेलतं, माझ्या पायानं सांगायला आले. रागवायचा हक हाय तिचा."

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा आक्का ती फाइल हातात घेऊन प्रत्येक ट्रॅक्टरपाशी उभ्या राहिल्या. बायकांना खाली बोलवायच्या, फाइल उघडून दाखवायच्या आणि सांगायच्या, "मी चोवीस वर्साची व्हते. कुनी बी म्हनलं तरी येका डॉक्टरच्या सांगन्यावर टेबलावर चढू नका. कागद आना, वाचून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दावा." पुरुष माना फिरवायचे. एक मुकादम कुरकुरला, "आक्का, उशीर व्हायलाय."

"होऊ दे," आक्का म्हणाल्या. "ऊस कुटं पळून चाललाय?"

सगळ्या टोळ्या गेल्यावरच त्या लातूरला गेल्या. जाताना फाइल माझ्याकडे ठेवली. "हे माझं न्हाई आता," म्हणाल्या. तीन महिन्यांनी, फाल्गुनात, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मुलीनं फोन केला. रडत होती, पण मध्येच म्हणाली, "बाई, आईनं मागं काहीच ठेवलं नाही हो. सगळं जिथल्या तिथं देऊन गेली."

गेल्या वर्षी, टोळ्या निघायच्या आधी, माझ्या दारात दोघी आल्या. एक धारूरची. तिला ओळखायला मला वेळ लागला नाही. बरोबर विशी-बाविशीतली सून, हातात कागदांची पिशवी.

"आक्का हायेत का?" तिनं विचारलं.

"गेल्या," मी म्हटलं. "फाल्गुनात."

ती ओट्यावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "मी तिला पानी बी इचारलं न्हवतं," ती म्हणाली.

"त्यांना तुमचा राग आला नव्हता. रागवायचा तुम्हाला हक्क आहे, असंच त्या म्हणाल्या."

तिनं मान हलवली. मग सुनेला पुढे केलं. पोट दुखतं, डॉक्टर पिशवी काढायला सांगतोय, टोळी चार दिवसांत निघणार आहे. मी कागद वाचले आणि अंबाजोगाईच्या माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या. आम्ही तिघी जीपनं गेलो. तिनं तपासलं, सोनोग्राफी केली. साधी सूज होती. तीन आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सुनेला म्हणाली, "तुझं सगळं ठीक आहे. घरी जा."

सून हसली. धारूरची बाई मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली. मी तिला रडू दिलं. किती वर्षांचं होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

संध्याकाळी एसटीत चढताना ती म्हणाली, "बाई, मी टोळीत सांगनार हाय. तुमाला तरास हुईल."

"होऊ द्या," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकायला दार उघडलं, तर ओट्यावर चौघी जणी बसल्या होत्या. दोघी कडेवर लेकरं घेऊन. पहिल्या गाडीनं आल्या असाव्यात, अंगावर धूळ होती. प्रत्येकीच्या मांडीवर कागदांची पिशवी. मला बघून त्या उठू लागल्या.

मी त्यांना बसा म्हटलं, आतून चष्मा आणला आणि खाली त्यांच्यातच बसले.